जेवणाआधीची नावं

ज्या बाईंनी माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, त्यांच्याइतका जीव माणसांना लावणारं दुसरं कुणी अख्ख्या रत्नागिरीत नसेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लग्न मोडण्याचं काम तर त्यांनी जीव लावता लावताच केलं, हात जोडून, डोळे मिटून. त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही आणि त्या मला धड समजल्याही नाहीत. त्या आमच्या समोर राहतात. मधे फक्त पाखाडी, म्हणजे वरच्या रस्त्यावरून खाली बाजाराकडे उतरणारी चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. त्यांच्या ओटीवरची लसणाची सालं वाऱ्याने आमच्या ओटीवर येतात, इतकं जवळ. पाखाडीवर सगळे त्यांना ‘समोरच्या बाई’ म्हणतात, ज्यांच्या त्या समोर नाहीत तेसुद्धा.

बाई ख्रिस्ती. लग्न केलेलं नाही. मुलींच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांची सगळी उमर गेली. रोज साठ मुलींचा स्वयंपाक. ते काम सुटल्यावर वडिलांच्या या घरात राहायला आल्या, पण हाताची सवय सुटली नाही. एकट्या माणसाचं जेवण कसं रांधायचं ते त्यांना अजून जमलेलं नाही. मी एकदा शिकवायला गेले. एक वाटी तांदूळ मोजून दिले, म्हटलं, एवढे पुरतात. बाईंनी वाटीकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. “आणि कुणी आलं तर?” म्हणाल्या. मी म्हटलं, “कोण येणार आहे?” “तेच तर माहीत नाही ना गो,” म्हणाल्या, आणि आणखी पाच वाट्या टोपात ओतल्या. आणि नवल म्हणजे कुणीतरी येतंच. गॅसवाला येतो, पोस्टमन येतो, वसतिगृहातल्या जुन्या मुली येतात, त्यांचे नवरे, सासवा, जावा येतात. एकदा दापोलीची एसटी चुकलेलं एक म्हातारं जोडपं आलं, ते तीन दिवस राहिलं. तीन दिवस रोज एसटी कशी काय चुकते, हे बाईंनी विचारलं नाही.

कारण विचारायचं नाही हा त्यांचा नियमच आहे. आलेल्या माणसाचं पोट भरेपर्यंत त्याला कोण, कुठला, कशाला आलास, काही विचारायचं नाही. जेवण झालं, हात धुतले, बडीशेप दिली की मग म्हणायचं, “हां, आता सांगा.” मी एकदा म्हटलं, “बाई, अहो, उद्या कुणी भलताच माणूस जेवून जाईल.” त्या म्हणाल्या, “प्रभूनं मला जवळ घेतलं तेव्हा आधी काय विचारलं? काही नाही. सगळं माहीत असूनसुद्धा काही नाही. मग मी कोण चौकशी करणारी?” मला तसंही कशावरच फारसं बोलता येत नाही. मी चौथी शिकलेली. चार माणसं जमली की मी दाराआड होते. नवरा मुंबईला गोदामात, गणपतीला आणि शिमग्याला येणार. घरात मी आणि माझी स्वप्नाली. मनातलं बोलायला म्हणून मला काय त्या बाईच होत्या.

त्यांच्या माडावरच्या चोराची गोष्ट तर मी डोळ्यांनी बघितली. दुपारी त्या परड्यात गेल्या, तर त्यांच्या माडावर एक माणूस चढलेला, कमरेला कोयता. त्यांनी बोलावलेला नव्हता. मी खिडकीत होते, मला वाटलं आता आरडाओरडा होणार. बाईंनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि म्हणाल्या, “उतरताना जपून हां, डाव्या अंगाला शेवाळ आहे.” तो वर तसाच चिकटून राहिला. उतरावं तरी पंचाईत, न उतरावं तरी पंचाईत. शेवटी उतरला तर बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. पुढे तो दर दोन महिन्यांनी विचारून यायला लागला आणि नारळ उतरवणारा त्यांचा हक्काचा पाडेली झाला. अजून निम्मे नारळ तोच नेतो. “अहो, चोर होता तो,” मी म्हटलं. “होता ना,” बाई म्हणाल्या, “पण चढतो किती छान.”

हे सगळं असलं तरी पाखाडीवर त्यांचं नाव झालं ते प्रार्थनेमुळे. जेवायच्या आधी त्या हात जोडतात, डोळे मिटतात आणि देवाशी बोलतात. मोठ्याने. शेवटच्या पंगतीतल्या मुलीलाही ऐकू जावं म्हणून लागलेली ती सवय. देवाला त्या ‘बापा’ म्हणतात. अन्नाचे उपकार मानून झाले की एकेका माणसाचं नाव घेतात आणि त्या माणसाला काय हवंय ते सांगतात. सगळ्यांचं भलं कर, असलं मोघम त्यांना चालत नाही. “काम नेमकं सांगावं,” म्हणतात. त्यामुळे कुणाची दाढ दुखतेय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा मुलगा मुंबईहून फोन करत नाही, हे सगळं पाखाडीला कळतं. बाई चहाडी करत नाहीत. कुणी कुणाबद्दल सांगायला लागलं तर उठून आत जातात. पण डोळे मिटले की समोर देव एकटाच आहे असं त्यांना वाटतं आणि उघड्या खिडकीचा विसर पडतो. साडेबारा वाजले की आमच्या बाजूच्या बायका काही ना काही घेऊन ओटीवर येतात. कुणी तांदूळ निवडते, कुणी केस विंचरते. खोटं कशाला बोलू, मीही लसूण सोलायला तीच वेळ ठेवलेली. त्यांच्या चर्चमध्ये, त्या त्याला देऊळ म्हणतात, तिथे मात्र पाळकसाहेब त्यांना प्रार्थना करायला सांगत नाहीत. एकदा सांगितली होती, तेव्हा लोकांचं दुपारचं जेवण चहाच्या वेळेवर गेलं, असं बाईच हसत सांगतात.

खालच्या अंगाला तात्या राहतात. त्यांचं आणि बाईंचं मधल्या दगडी कुंपणावरून, गडग्यावरून वाजलेलं, म्हणजे तात्यांनी वाजवलेलं. बाईंचं फळावर आलेलं पपईचं झाड त्यांनी एक दिवस बुंध्यातून तोडलं, त्याचं पान आपल्या अंगणात पडतं म्हणून. त्या दिवसापासून बाईंच्या प्रार्थनेत तात्या पहिले. “बापा, तात्यांची मूळव्याध बरी कर, बसता येत नाही रे बिचाऱ्यांना.” चौथ्या दिवशी तात्या पाखाडी चढून आले, रागाने लाल. “माझ्या दुखण्याचं नाव गावभर घेऊ नका.” बाई म्हणाल्या, “बरं. नाही घेत.” दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या कान लावून. “बापा, तात्यांचा तो त्रास, तुला माहीतच आहे कुठला.” केस विंचरणारी एक जण फणी टाकून आत पळाली. पण पंधरा दिवसांनी तात्या परत आले, काखेत फणस, आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, “उतार आहे.”

मी एकदा धीर करून त्यांना विचारलं, “बाई, तुम्हाला कुणाचाच राग येत नाही का हो?” मला वाटलं, म्हणतील नाही येत. त्या म्हणाल्या, “येतो की. भरपूर येतो. पपईच्या वेळी तर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.” “मग?” “मग त्या माणसाचं नाव वर घ्यायचं. ज्याचा राग जास्त तो आधी. पहिल्यांदा तोंडातून निघत नाही, दातात अडकतं. रोज घेतलं की सैल होतं. सैल झालं की खाली सरकवायचं.” हे कळल्यापासून पाखाडीला आणखी एक उद्योग मिळाला. आज पहिलं नाव कुणाचं, यावरून बाई कुणावर रागावल्यात ते कळायचं, आणि ज्याचं नाव पहिलं निघे तो माणूस दोन दिवस नीट वागायचा. माझं नाव बरंच खाली असे, तेराव्या-चौदाव्या जागी, पाखाडीवरच्या लंगड्या कुत्र्याच्या आसपास. “बापा, सुलभाला बोलायची हिंमत दे.” रोज तेवढंच.

आता स्वप्नालीचं सांगते. ती नववीत असताना तिला फिट यायला लागली. पहिली आली तेव्हा मी नुसती उभी राहिले. पाखाडी ओलांडून बाई आल्या, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर घडी करून ठेवला आणि ती शुद्धीवर येईपर्यंत तशाच वाकून राहिल्या. मग सरकारी दवाखान्यातलं औषध सुरू झालं. हळूहळू थांबल्या फिट. सहा वर्षांत एकही आली नाही. रात्रीची एक गोळी, एवढंच उरलं. तेवढ्यात चिपळूणचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात कायम नोकरीला, वडील नाहीत, आई सुहासिनीबाई आणि एक मामा. पत्रिका जुळली, फोटो मोबाईलवर आले-गेले, दोन्हीकडून पसंती. आता नुसतं बघून जायचं होतं. मध्यस्थ म्हणाले, “वहिनी, गोळीचं आत्ता कशाला? लग्न झालं की सांगू हळूहळू.” मला ते बरोबरही वाटलं नाही आणि चूकही वाटलं नाही. मी गप्प बसले. ते मला येतं. स्वप्नाली म्हणाली, “आई, मी सांगणार.” मी म्हटलं, “आधी बघून तर जाऊ देत.” बाईंना मी एवढंच सांगितलं की रविवारी अकरा वाजता चिपळूणचे लोक यायचेत. लपवायचं ठरलंय हे सांगितलं नाही. त्यांना ते कळलंच नसतं.

मध्यस्थांनी पाहुण्यांना फोनवर पत्ता दिला, पाखाडीवर मधोमध, उजव्या हाताचं घर. मध्यस्थ नेहमी बाजारातून वर चढून येतात. पाहुणे रिक्षाने वरच्या रस्त्याला आले आणि खाली उतरले. चढताना जो उजवा हात तो उतरताना डावा होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मध्यस्थ सोबत असते तर चुकलं नसतं, पण त्यांची स्कूटर वाटेत बंद पडली. त्यात हायवेच्या कामामुळे पाहुण्यांच्या अकराचे साडेबारा झाले. मी नवी साडी नेसून खिडकीत उभी. तीन माणसं उतरताना दिसली, गुडघ्याला पट्टा बांधलेली एक बाई, एक मिशाळ गृहस्थ आणि पाठमोरा एक तरुण. तिघं बाईंच्या ओटीवर चढली. मला वाटलं, आली वसतिगृहातल्या कुणाची तरी सासरची माणसं. “या या,” बाईंचा आवाज आला, “उन्हाचे आलात. पाय धुवा, ताटं घेतेच.” रविवार होता, बाई देवळातून येऊन सुरमईचं कालवण करून बसलेल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. बाईंनी विचारलं नाही कारण तो त्यांचा नियम. पाहुण्यांनी विचारलं नाही कारण त्यांना वाटलं ही मुलीची आजी असणार. भिंतीवरचा क्रूस सुहासिनीबाईंनी पाहिला होता म्हणे, पण हल्ली लोक भिंतीला काय वाटेल ते लावतात असं त्यांना वाटलं. आणि मामा पोह्यांच्या तयारीने आलेले, त्यांच्यापुढे सुरमईची तुकडी आली. ते कशाला तोंड उघडतात.

मग बाईंनी हात जोडले. मी सवयीने कान दिला. “बापा, या अन्नासाठी तुझे उपकार. ही तीन दमलेली माणसं तू पाठवलीस, त्यांना पोटभर जेवू दे. या ताईंचा गुडघा दुखतोय, जिने चढताना कळ येते, ती थांबव.” मग दोन-चार नावं झाली. मग म्हणाल्या, “आणि बापा, समोरच्या आमच्या स्वप्नालीला आज बघायला यायचेत. अजून आले नाहीत, वाटेत असतील, सुखरूप आण. पोरीला सहा वर्षांत फिट आली नाही, ही तुझी कृपा. ती रात्रीची गोळीही सुटू दे. आणि येणारी माणसं अशी असू देत की गोळीला घाबरणार नाहीत. सुलभाला बोलायची हिंमत दे.” मी कपाळावर हात मारला. मग मनात म्हटलं, जाऊ दे, ती परकी माणसं, त्यांना काय करायचंय. जेवणं झाली, तो तरुण हात धुवायला बाहेरच्या नळावर आला आणि त्याने तोंड वर केलं. मोबाईलवर महिनाभर बघितलेलं तोंड होतं ते. माझ्या हातातली पोह्यांची बशी मी परत खाली ठेवली. कुठे ठेवली ते मला नंतर सापडेना.

घर चुकल्याचं पाहुण्यांना प्रार्थनेतच कळलं असणार, पण भरल्या ताटावरून उठलं कुणी नव्हतं. नियमाप्रमाणे बडीशेप झाल्यावर बाईंनी विचारलं, “हां, आता सांगा, कुठले तुम्ही?” त्यांनी सांगितलं. बाईंना इतका आनंद झाला की त्या स्वतः सुहासिनीबाईंचा हात धरून त्यांना पाखाडी ओलांडून आमच्याकडे घेऊन आल्या. “सुलभा, ही बघ तुझी माणसं. बापाने आधी माझ्याकडे पाठवली. जेवून आलीत हां, पोहे थोडेच दे.” पाहुणे बसले. सगळ्यांनी एकेक चमचा पोहे खाल्ले. मामा पंख्याकडे बघत होते. मुलगा स्वप्नालीकडे बघत होता, मग आईकडे. सुहासिनीबाईंनी शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. एकच विचारलं, “गोळी रोज घ्यावी लागते?” स्वप्नाली म्हणाली, “हो. रोज एक.” मंगळवारी मध्यस्थांचा फोन आला, पत्रिका जुळत नाही. महिन्याभरापूर्वी जुळलेली पत्रिका आता जुळत नव्हती.

बाई माझ्यासाठी रोज मागत होत्या ती हिंमत मला त्या मंगळवारी आली. मी पाखाडी ओलांडून त्यांच्या ओटीवर गेले. त्या कोळंबी सोलत होत्या. मी म्हटलं, “तुम्ही माझ्या पोरीचं लग्न मोडलंत. पुन्हा आमचं नाव तोंडात घेऊ नका.” इतक्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते. बाईंचे हात तसेच राहिले. मी काय म्हणतेय ते त्यांना कळायला वेळ लागला, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाल्या, “बरं गो.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजले. बाईंनी हात जोडले, डोळे मिटले, आणि काहीच ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलत होते. मी आमचं नाव घेऊ नका म्हटलं होतं, त्यांनी सगळ्यांचीच मोठ्याने घ्यायची सोडली. तिसऱ्या दिवशीही तसंच. बायका तांदूळ निवडायला आल्या त्या निवडून झाले तरी बसल्या, मग एकेक करून आत गेल्या. आठवड्याने एक जण मला म्हणाली, “तुझ्यामुळे हल्ली काही कळेनासं झालंय.” तात्या तर मला वाटेत गाठून म्हणाले, “माझ्या त्या त्रासाचं बघतात की नाही? परत सुरू झालाय म्हणून विचारलं.” जसं काही मी दवाखाना बंद पाडला होता.

बाकी बाईंचं काही बदललं नाही. पूर्वीसारखंच दुपारी आमच्या ओटीवर झाकलेलं भांडं ठेवून जायच्या, हाक न मारता. मी ते कुत्र्याला घालायचे, भांडं घासायचे आणि त्यांच्या पायरीवर उपडं ठेवून यायचे. दुसऱ्या दिवशी परत भरलेलं. असं चार महिने. लंगडं कुत्रं इतकं माजलं की त्याला पाखाडी चढवेना. स्वप्नाली मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे जाऊन जेवली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. ती म्हणाली, “आई, जे मी सांगणार होते तेच त्यांनी सांगितलं. फक्त देवाला सांगितलं.” मी म्हटलं, “देवाला हळू ऐकू येत नाही का?” मग थोड्या वेळाने न राहवून विचारलं, “माझं नाव घेतात का अजून?” “मला काय माहीत,” ती म्हणाली, “माझे डोळे मिटलेले असतात.”

मला तेच जाणून घ्यायचं होतं. मीच नाव घेऊ नका म्हणून सांगून आलेली आणि ते घेतात की नाही याने माझा जीव खालीवर. घेत असतील तर कितव्या जागी? मी इतकं बोलले, म्हणजे वर सरकले असणार. की काढूनच टाकलं? रोज साडेबाराला मी खिडकीच्या गजाआडून त्यांचे ओठ बघायला लागले. सुलभा म्हणताना ओठ शेवटी एकदा मिटतात, हे मी आरशात बघून ठेवलं. पण बापा म्हणताना दोनदा मिटतात, आणि त्या बापा फार वेळा म्हणतात. त्यातून मला काही निवडता येईना. एक मात्र दिसत होतं, पूर्वीपेक्षा वेळ जास्त लागत होता. कालवणावरची वाफ विरून जायची तरी ओठ चाललेले.

गणपती झाल्यावर एक दिवस मी घासलेलं भांडं पायरीवर न ठेवता आत घेऊन गेले. “भांडं द्यायला आले,” मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरं ताट मांडलं. चार महिने कुठे होतीस, विचारलं नाही. नियमच तो. मी जेवले, हात धुतले, बडीशेप खाल्ली, आणि मग मीच विचारलं, “माझं नाव घेत होता?” “हो,” म्हणाल्या, “तू तोंडात घेऊ नको म्हणालीस, म्हणून मनात.” “कितवं?” “दुसरं.” मी म्हटलं, “पहिलं कुणाचं?” बाई भांडं पुसत होत्या. “पहिली मी,” म्हणाल्या, “माझाच राग आला होता ना. काय सांगू, तात्यांचं नाव इतकं अडकलं नव्हतं.” मग मी म्हटलं, “मोठ्याने घेत जा.” “नको गो. माझं तोंड सैल आहे.” “असू दे. चुकल्याचुकल्यासारखं वाटतं दुपारचं.”

दुसऱ्या दिवसापासून बाई परत मोठ्याने सुरू झाल्या. पण आता त्यांनी एक सुधारणा केली. घरोघर जाऊन विचारून आल्या, “तुझं नाव मोठ्याने घेऊ की हळू?” बहुतेकांनी मोठ्यानेच सांगितलं. तात्या म्हणाले, “मोठ्याने, पण नेमकं नको.”

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. स्वप्नालीचं अजून जमलेलं नाही. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये जाते. दोन स्थळं आली, तिने पहिल्याच वाक्यात गोळीचं सांगितलं, दोन्ही परत गेली. तिसरं म्हणालं विचार करतो, ते अजून करतंय. कधी कधी मला अजून वाटतं की त्या रविवारी मध्यस्थांची स्कूटर बंद पडली नसती तर. पण ते मी बाईंना सांगत नाही. रविवारी आम्ही दोघी मायलेकी त्यांच्याकडेच जेवतो, आणि त्यालाही कारण आहे. बाईंना हल्ली नावं आठवत नाहीत. ऐकूही कमी येतं. डोळे मिटून सुरू करतात आणि मधेच थांबतात. “ती गो, जिच्या सुनेला जुळी झाली...” मी शेजारी बसून नाव सांगते, मग त्या पुढे जातात. देव आमचा वेगळा, पण नावं तीच माणसांची, त्यामुळे मला अडचण येत नाही. फक्त एक जागा अशी होती की तिथे त्यांचा आवाज बंद व्हायचा आणि नुसते ओठ हलायचे. मला वाटायचं तिथे त्या स्वतःसाठी काही मागत असतील. मी तिकडे बघत नसे.

गेल्या रविवारी त्या बरोबर तिथेच अडल्या. ओठ थांबले. डोळे मिटलेलेच. “सुलभा,” म्हणाल्या, “त्या चिपळूणच्या ताई गो. गुडघ्याला पट्टा होता त्या. काय त्यांचं नाव?”

मी म्हटलं, “त्यांचं रोज घेता?”

“तुला त्रास होईल म्हणून हळू घेते. त्यांचा गुडघा, आणि मुलाला चांगली बायको मिळू दे म्हणून. गुणी होता गो, आपलं ताट स्वतः उचलत होता. नाव सांग ना, गेलं बघ डोक्यातून.”

नाव मला पाठ होतं. दोन वर्षांत मी ते मनात जितक्या वेळा घेतलं तितक्या वेळा नवऱ्याचंही घेतलं नसेल, आणि एकदाही बऱ्या कारणाने घेतलेलं नाही. बाई हात जोडून वाट बघत होत्या, घाई नसल्यासारख्या. स्वप्नालीने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. मला वाटलं, नाही आठवत म्हणावं. बाईंना ते खरं वाटलं असतं, आणि उद्यापासून त्या चिपळूणच्या बाईचं नाव कुणीच घेतलं नसतं. एवढं माझ्या हातात होतं.

“सुहासिनी,” मी म्हटलं.

“काय?” बाई म्हणाल्या, “मोठ्याने सांग गो, ऐकू नाही आलं.”

खिडकी उघडी होती. बाहेर ओट्यांवर बायका बसलेल्या असणार. “सुहासिनीबाई,” मी मोठ्याने म्हटलं.

“हां, सुहासिनीबाई,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या गुडघ्यापासून सुरू झाल्या. कालवण निवत चाललं होतं, आणि अजून निम्मी नावं घ्यायची होती.